दोन बालपणांमधले अंतर : उत्तरवयातील बाललेखनाचा विचार

बालसाहित्याकडे उशिरा वळलेल्या लेखकाविषयी मराठी समीक्षेत एक सौम्य अनास्था आढळते. अध्यापनात, नोकरीत किंवा प्रौढांसाठीच्या लेखनात उमेदीची वर्षे घालवून कोणी पन्नाशी-साठीत मुलांसाठी पुस्तक प्रसिद्ध केले, की त्याचे कौतुक होते. मात्र ते कौतुक आजोबांच्या हौसेचे असते, लेखकाच्या निर्मितीचे नसते. परीक्षणांतून ‘निरागस’, ‘संस्कारक्षम’, ‘बालसुलभ’ ही विशेषणे येतात आणि विचार तेथेच थांबतो. उशिरा येणे हा केवळ चरित्राचा तपशील समजला जातो. त्याचा संहितेच्या रचनेशी काही संबंध असू शकेल काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात तो विचारावयाचा आहे.

बालसाहित्य हे मूल लिहीत नाही. मुलासाठी प्रौढ लिहितो. जॅकलिन रोझ यांनी ‘द केस ऑफ पीटर पॅन’ (१९८४) या ग्रंथात याच विषमतेवर बोट ठेवले. मुलांसाठीची कथा पुस्तकात एक मूल उभे करते, ते पुस्तकाबाहेरच्या मुलाला आपल्या कह्यात घेण्यासाठी, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख आहे. ही विषमता सर्वच बालसाहित्यात असते. उत्तरवयात लिहिणाऱ्याच्या बाबतीत तिला काळाचे परिमाण लाभते. त्याच्या संहितेत दोन बालपणे असतात : एक त्याने स्वतः भोगलेले, दुसरे वाचणाऱ्या मुलाचे. त्यांच्यामध्ये अर्धशतकाचे अंतर असते. हे अंतर लेखक झाकतो की त्यालाच रचनेचे तत्त्व बनवितो, यावर त्या लेखनाचे मोल ठरते, असे मला वाटते.

या संदर्भात लॉरा इंगल्स वाइल्डर यांचे उदाहरण उद्बोधक आहे. १८६७ मध्ये जन्मलेल्या या अमेरिकन लेखिकेचे पहिले पुस्तक, ‘लिटल हाऊस इन द बिग वुड्स’, १९३२ मध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी आले. त्याआधी त्यांनी प्रौढ वाचकांसाठी प्रथमपुरुषी आत्मकथन लिहिले होते. ते प्रकाशकांनी स्वीकारले नाही. मुलांसाठी लिहिताना त्यांनी ‘मी’ सोडला आणि लॉरा नावाची मुलगी तृतीयपुरुषात उभी केली. आठवण सांगणारी स्त्री आणि आठवणीतली मुलगी या दोघी तेथे वेगळ्या झाल्या. लेखिका म्हणून त्यांचा जन्म झाला तो या सर्वनामाच्या बदलात. परंतु अंतर ओळखण्याचे हे काम अर्धेच झाले होते. वसाहतकाळाचे मूळनिवासींविषयीचे पूर्वग्रहही आठवणीबरोबर पुस्तकांत उतरले, आणि त्याच कारणाने २०१८ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघटनेने आपल्या बालसाहित्य पुरस्काराला असलेले त्यांचे नाव काढले. स्मृती निरागस नसते, एवढा धडा यातून घेता येतो.

मराठीत स्मरणप्रधान बालवाचनाचा आदर्श ‘श्यामची आई’ने घालून दिला. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत ती लिहिली, तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते. म्हणजे उत्तरवयाचा प्रश्न तेथे नाही. पण तिची रचना पाहण्याजोगी आहे. प्रौढ श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रात्रीमागून रात्र आठवणी सांगतो. आठवणीला सांगणारा आहे, ऐकणारे आहेत; काळाचे अंतर उघड आहे. या पुस्तकाच्या छायेत पुढे जे विपुल लेखन झाले, त्यातील बऱ्याचशा लेखकांनी आठवण घेतली, संस्कार घेतला, आणि ही चौकट मात्र वगळली. चौकट गेली की आठवण आपोआप उपदेश होते : ‘आमच्या वेळी असे होते’ याचा अर्थ ‘तुमच्या वेळीही असेच असावे’ असा होतो.

याच्या विरुद्ध दिशेने गेलेले कवी म्हणजे विंदा करंदीकर. ‘स्वेदगंगा’ १९४९ ची; ‘राणीची बाग’ हा बालकवितासंग्रह १९६१ चा, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीचा. त्रेचाळीस म्हणजे उत्तरवय नव्हे. पण कवी म्हणून नाव झाल्यानंतरचे हे आगमन आहे. त्यांच्या बालकवितेत कवीच्या बालपणाच्या आठवणींना फारसे स्थान नाही. ‘एटू लोकांचा देश’मध्ये व्यवहाराचे तर्कशास्त्र उलटे केले आहे, पिशीमावशीच्या कवितांत भयाशीच खेळ मांडला आहे. स्मृतीच्या जागी त्यांनी मुलाची तर्कपद्धती ठेवली. माधुरी पुरंदरे यांनी तिसरा मार्ग घेतला. रंगभूमी, चित्रकला आणि अनुवाद यांत दीर्घकाळ काम केल्यावर, पन्नाशीच्या सुमारास, त्या ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांकडे आल्या. तेथे आठवणीपेक्षा निरीक्षण प्रबळ आहे : आजच्या घरातले मूल काय पाहते, कोणत्या शब्दांत बोलते, याचे. त्या लेखनाची शहरी मध्यमवर्गीय मर्यादा दाखविता येईल. पण त्यातले मूल कालचे नाही.

हा प्रश्न धाराशिव जिल्ह्यासारख्या प्रदेशात अधिक तीव्र होतो, कारण तेथे उशीर हा केवळ व्यक्तीचा नसतो. पुण्या-मुंबईकडे ‘बालबोध’ १८८१ मध्ये आणि ‘आनंद’ १९०६ मध्ये सुरू झाले. उस्मानाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. १९४८ पर्यंत वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठवाड्यात विद्यापीठ आले ते १९५८ मध्ये, आणि ‘किशोर’ मासिक निघाले १९७१ मध्ये. मुलांसाठी छापलेले मराठी मासिक हाती न येता इथल्या पिढ्या मोठ्या झाल्या. ज्याला बालवाचक होण्याची संधी मिळाली नाही, त्याने बाललेखक उशिरा व्हावे, यात नवल नाही. निवृत्तीनंतर स्वखर्चाने बालकवितासंग्रह काढणारा शिक्षक ही म्हणूनच थट्टेची गोष्ट नव्हे. त्यामागे प्रदेशाचा इतिहास आहे.

मात्र इतिहास हे गुणवत्तेचे प्रमाणपत्र होत नाही. १९६२ मध्ये जन्मलेला जिल्हा परिषदेचा शिक्षक १९७२ च्या दुष्काळात दहा वर्षांचा होता. खडी फोडणारी आई आणि शाळेत मिळणारी सुकडी हे त्याचे बालपण. अठ्ठावन्नाव्या वर्षी तो निवृत्त होतो आणि लिहू लागतो, तेव्हा त्याच्या समोरच्या वर्गात ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागे आजीजवळ राहिलेले लेकरू असते आणि त्याच्या हातात मोबाइल असतो. आपल्या दुष्काळाची गोष्ट लेखकाने जरूर सांगावी. पण ती इतिहास म्हणून सांगावी, आणि शेजारच्या लेकराच्या आजच्या एकटेपणालाही तीत जागा असावी. दुर्दैवाने बहुतेक वेळा दोन्ही हुकतात. घरात ‘लेकरू’, ‘कडबा’, ‘आगटी’ म्हणणारा लेखक कवितेत ‘बाळ’, ‘उपवन’, ‘परीराणी’ लिहितो. ती त्याचीही भाषा नसते आणि त्याच्या वाचकाचीही नसते. ती पाठ्यपुस्तकाची असते. जन्मभर शिकविल्याचा हा परिणाम आहे. नोकरीतून निवृत्त होता येते, शिक्षकाच्या स्वरातून निवृत्त होणे कठीण.

ते अशक्य मात्र नाही. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० मध्ये सुरू झाला, तेव्हा मराठीसाठी तो अनिल अवचट यांना ‘सृष्टीत... गोष्टीत’बद्दल मिळाला, ते सहासष्ट वर्षांचे होते. २०२४ मध्ये तो भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ या कादंबरीला मिळाला. दीर्घकथाकार म्हणून मान्यता पावलेले आणि २०२२ च्या उदगीर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष राहिलेले हे लेखक तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे होते. उदगीर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातच होते, हे येथे आठवावे. २०२५ मध्ये तो नांदेडच्या सुरेश सावंत यांच्या ‘आभाळमाया’ या कवितासंग्रहाला मिळाला. उत्तरवय ही बाललेखनातील उणीव नव्हे, हे मान्य करण्यास एवढा पुरावा पुरे आहे.

प्रश्न उरतो तो समीक्षेचा. पुरस्कार लेखकाला प्रतिष्ठा देतो. कसोटी देत नाही. जिल्ह्याच्या गावी प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकाला प्रस्तावना मिळते, प्रकाशनसमारंभ मिळतो, पण यातले मूल कोणत्या सालचे आहे आणि ते कोणाच्या शब्दांत बोलते, हे विचारणारा वाचक मिळत नाही. वयाचा मान राखून आपण हे प्रश्न टाळतो, आणि त्या सौजन्याची किंमत पुस्तक हाती घेणारे मूल मोजते. उशिरा आलेल्या लेखकाजवळ वेळ थोडा असतो. त्याला खोटे कौतुक देऊन तो वाया घालविण्यापेक्षा नेमके परीक्षण देणे, हाच त्याच्या वयाचा खरा आदर होय.