कल्पित व सिद्ध कलाकृती

कलावंताने मनात योजिलेली कलाकृती आणि माध्यमाद्वारे प्रत्यक्षात सिद्ध झालेली कलाकृती यांत बहुधा अंतर राहते. हे अंतर म्हणजे कलावंताचे अपयश, की निर्मितिप्रक्रियेचाच स्वाभाविक भाग, हा सौंदर्यशास्त्रातील एक महत्त्वाचा प्रश्न होय.

इटालियन तत्त्वज्ञ बेनेदेत्तो क्रोचे (१८६६–१९५२) याने एस्तेतिका (१९०२) या ग्रंथात प्रतिभान व अभिव्यक्ती ही एकरूप मानली. त्याच्या मते कलाकृती मनातच पूर्णत्वास जाते. दगड, रंग इत्यादींच्या द्वारे होणारे तिचे बाह्यीकरण ही केवळ जतनाची व संप्रेषणाची व्यावहारिक क्रिया असते. हे मत स्वीकारल्यास उपर्युक्त अंतराला कलामूल्याच्या दृष्टीने फारसे महत्त्व उरत नाही. प्रत्यक्ष निर्मितीचा इतिहास मात्र या मताला सर्वस्वी पुष्टी देत नाही.

मायकेलअँजेलो (१४७५–१५६४) याने घडविलेले पोप दुसरा जूलिअस याचे समाधिस्मारक या दृष्टीने उद्‌बोधक आहे. १५०५ मध्ये योजिलेले हे स्मारक सुमारे चाळीस मूर्तींचे व चारही बाजूंनी मोकळे असावयाचे होते. त्यासाठी मायकेलअँजेलोने कारारा येथील खाणींत काही महिने राहून संगमरवर निवडला. परंतु पोपने काम थांबविले. सिस्टाइन चॅपेलच्या छताचे चित्रण (१५०८–१२) मध्येच उद्‌भवले. आणि १५१३ मध्ये पोपच्या निधनानंतर वेळोवेळी नवे करार होऊन आराखडा आक्रसत गेला. अखेर १५४५ मध्ये रोममधील सान प्येत्रो इन व्हिंकोली या चर्चमध्ये भिंतीलगतचे मर्यादित स्मारक पूर्ण झाले. कोंदीव्ही या शिष्याने आपल्या चरित्रग्रंथात (१५५३) या साऱ्या प्रकरणाला शोकांतिका म्हटले आहे.

तथापि या शोकांतिकेतूनच काही अकल्पित गोष्टी हाती आल्या. उंचावर बसवावयाचा मोझेस खाली, प्रेक्षकाच्या निकट आला व त्याचे सामर्थ्य अधिक प्रत्ययकारी ठरले. बदललेल्या आराखड्यात न बसणाऱ्या दोन दासमूर्ती पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात, तर अपूर्ण राहिलेल्या चार फ्लॉरेन्सच्या अकादेमिया कलावीथीत आहेत. दगडातून अर्धवट प्रकटलेल्या या चार देहांत जो ताण जाणवतो, तो मूळ योजनेत अभिप्रेत होता असे म्हणण्यास आधार नाही. अर्थात अपूर्णतेला गुण मानणारी ही दृष्टी ओग्यूस्त रॉदँ (१८४०–१९१७) याच्या शिल्पांमुळे दृढ झाली, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

कलावंताची मूळ कल्पना समीक्षकाला रेखाटने, करार व पत्रे यांवरूनच, म्हणजे अंशतःच, कळते. ती सिद्ध कृतीचा इतिहास उलगडते. परंतु त्या कृतीचे मूल्यमापन तिच्या अंगभूत गुणांवरूनच करावे लागते. चाळीस मूर्तींचे स्मारक कलेच्या इतिहासाला लाभले नाही ही हानी खरीच. पण तिच्यामुळे मोझेस वा दासमूर्ती उण्या ठरत नाहीत.