सभा ओळखणे आणि सभेला शरण जाणे

वक्त्याने सभा ओळखून बोलावे, असे आपल्याकडे नेहमी सांगितले जाते. कार्यकर्त्यांच्या शिबिरांत सांगितले जाते, शिक्षक विद्यार्थ्यांना सांगतात. मीही वर्षानुवर्षे सांगत आलो. परंतु ओळखायचे म्हणजे नेमके काय ओळखायचे? हा प्रश्न मला वाशीम जिल्ह्यातील एका म्हातारीने विचारायला लावला.

मालेगाव तालुक्यातील एका खेड्यात धम्मचक्र प्रवर्तन दिनाची सभा होती. दिवस सोयाबीनच्या सोंगणीचे. मजूर बाया शेतातून येऊन, भाकरी थापून सतरंजीवर बसेपर्यंत रात्रीचे नऊ वाजले. हे मला ठाऊक होते. म्हणून मी भाषण वीस मिनिटांचे केले, पुस्तकी शब्द गाळले, उदाहरणे शेतीतली घेतली. एवढ्यावर सभा ओळखली, असे मला वाटले. सभा सुरू होण्याआधी एक कार्यकर्ता हळूच म्हणाला, "सर, पुढच्या खुर्च्यांवर गावातली मोठी मानसं हायेत. मसनवट्याच्या रस्त्याचं आज काढू नका." वस्तीतली प्रेते नेण्याचा रस्ता त्या गावात अडवलेला होता. मी तेवढा भाग गाळला. टाळ्या पडल्या. सभा उठल्यावर एक आजी जवळ आली नि म्हणाली, "बाबू, बोलला चांगला. पन मसनवट्याचं काहून नाई बोलला?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते.

ते शोधताना मी बाबासाहेबांची १९३६ सालच्या मे महिन्यातील दोन भाषणे शेजारी ठेवून पुन्हा वाचली. येवल्याच्या घोषणेला तेव्हा जेमतेम सात महिने झाले होते. पहिले भाषण लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या अधिवेशनासाठी इंग्रजीत लिहिलेले, 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. दुसरे ३१ मे रोजी दादरला मुंबई इलाखा महार परिषदेत मराठीत दिलेले, 'मुक्ती कोन पथे?'. वक्ता एक, काळ एक, दुखणेही एकच. श्रोते मात्र पूर्णतः भिन्न.

लाहोरचे श्रोते सवर्ण सुधारक होते. मंडळावर आर्य समाजाच्या विचारांचा प्रभाव होता. गुणांवर आधारलेले चातुर्वर्ण्य त्या वर्तुळात आदर्श मानले जाई. बाबासाहेबांनी नेमके त्याच श्रद्धेला हात घातला. प्लेटोने केलेली माणसांची वर्गवारी पुढे आणून चातुर्वर्ण्य अव्यवहार्य कसे, ते दाखवले. सहभोजनाने आणि आंतरजातीय विवाहाने समाधान मानू पाहणाऱ्यांना त्यांनी शास्त्रप्रामाण्यापर्यंत नेले. श्रोता कोठे येऊन थांबला आहे हे ओळखले, ते त्याला त्याच्या पुढे नेण्यासाठी.

दादरला प्लेटोचे प्रयोजन नव्हते. तेथे मनुष्यबळ, द्रव्यबळ आणि मानसिक बळ यांचा हिशेब मांडला. स्वच्छ कपडे घातले, मुले शाळेत घातली, म्हणून मार का खावा लागतो, हे श्रोत्यांच्या अंगावरचे वळच सांगत होते. त्यांना पुरावा द्यायचा नव्हता, निर्णयापर्यंत पोचवायचे होते. धर्मांतर हा विषय सामान्य माणसाला पटवणे सोपे नाही, याची जाणीव त्या भाषणात पहिल्यापासून आहे. परिषद फक्त महारांचीच का, याचाही खुलासा आहे: कोण किती तयार आहे, हे आधी समजून घ्यायचे होते. नाव सोडण्यापूर्वी नावाड्याला उतारू किती ते कळावे लागते, असा दाखलाच त्यांनी दिला.

भाषा बदलली, पुरावा बदलला, मांडणीचा क्रम बदलला. निष्कर्ष मात्र रतिभरही बदलला नाही. मंडळाने भाषणातील काही भागांवर आक्षेप घेतला, तेव्हा बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. अधिवेशन रद्द झाले. न झालेले ते भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. पंधराशे प्रतींची ती आवृत्ती दोन महिन्यांत संपली.

यावरून माझी चूक मला दिसते. सभा ओळखणे याचा अर्थ मी श्रोत्यांना रुचेल ते देणे असा लावला. हा बाजाराचा नियम आहे. दुकानदार गिऱ्हाईक ओळखतो, तसा. चळवळीच्या वक्त्याला तो चालणार नाही. दुसरे असे की, सभा ही एकजिनसी नसते. खुर्ची आणि सतरंजी यांच्यात सत्तेचे नाते असते. मी खुर्च्यांनाच सभा मानली आणि सतरंजीला फक्त सोपी भाषा दिली! सोपी भाषा ही काही सत्याची भरपाई नव्हे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. वक्ता रात्रीच्या गाडीने निघून जातो. बहिष्कार, बुडालेली मजुरी मागे राहणाऱ्यांना भोगावी लागते. त्या कार्यकर्त्याची भीती भ्याडपणाची नव्हती. पण मग बोलायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? किंमत मोजणाऱ्यांचा. मी एकालाच विचारले, आणि बाकीच्यांचे मौन गृहीत धरले. उतारू न मोजताच नाव सोडली.

म्हणून आता कोणत्याही गावी बोलण्यापूर्वी काही प्रश्न मी विचारतो. कोण येणार आणि कोणाला येता येणार नाही? पुढे कोण बसणार? कोणासमोर कोणाची मान खाली जाते? कोणता विषय काढू नका म्हणतात आणि ते कोण म्हणतात? मानोऱ्याकडच्या तांड्यावर गोरबोली जाणणारा सोबती मिळाला का?

पुढच्या वर्षी त्याच गावी मी एक दिवस आधी गेलो. विहारापाशी बायांत बसलो. रस्त्याचे मी काढू का, असे विचारले. त्या आपसांत बराच वेळ बोलल्या. मग ती आजी म्हणाली, "तू नोको काढू. आमीच काढतो. तू फक्त उभा राय."

रस्ता त्या रात्री मोकळा झाला नाही. परंतु सतरंजीवरून उठलेला आवाज खुर्च्यांनी ऐकला. त्या सभेतले सर्वांत चांगले भाषण माझे नव्हते.