रिकाम्या पदाचा अर्थ : एका तांत्रिक पुस्तिकेची चिकित्सा

लिनक्सवरील बहुतेक प्रोग्राम सामायिक लायब्रऱ्यांतील तयार भाग उसने घेतात. त्या लायब्रऱ्या कोठे शोधावयाच्या, हे ‘एलडी डॉट एसओ’ हा डायनॅमिक लिंकर ठरवितो. त्याची मॅन्युअल-पुस्तिका हा तांत्रिक गद्याचा नेटका नमुना आहे. शोधाचा क्रम ती निःसंदिग्धपणे देते : ‘रनपाथ’ नसल्यास फाइलीतच कोरलेला ‘आरपाथ’, मग ‘एलडी लायब्ररी पाथ’ हे एन्व्हायर्नमेंट चल, मग ‘रनपाथ’, नंतर कॅश आणि शेवटी प्रणालीच्या ठरावीक डिरेक्टऱ्या. तथापि एके ठिकाणी तिची मांडणी वाचकास चकविते, असे आमचे मत आहे.

पाणिनीय व्याकरणात लोप म्हणजे निव्वळ अभाव नव्हे. लुप्त प्रत्ययही कार्य घडवितो. येथेही तसेच आहे. मार्गांच्या यादीत दोन अपूर्णविरामांमध्ये काहीच नसेल, तर त्या रिकाम्या पदाचा अर्थ ‘चालू डिरेक्टरी’ असा होतो. पुस्तिका हे सांगते, परंतु केवळ एन्व्हायर्नमेंट चलाच्या वर्णनात. वस्तुतः जीलिबसी हाच नियम आरपाथ व रनपाथ ह्यांनाही लावते. सेटयूआयडी प्रोग्रामच्या बाबतीत ते चल दुर्लक्षिले जाते. कोरलेला मार्ग मात्र पाळला जातो. म्हणजे जेथे धोका अधिक, तेथेच सूचना नाही.

ह्याचा पुरावा २०१७ मध्ये मिळाला. जीलिबसीच्या २.१९ ते २.२६ ह्या आवृत्त्यांत, विशेषाधिकार असलेल्या प्रोग्रामच्या मार्गातील ‘ओरिजिन’ हे चिन्ह विस्तारानंतर रिकामे उरे, आणि ते रिकामेपण ‘चालू डिरेक्टरी’ असे वाचले जाई. तेथे बनावट लायब्ररी ठेवणारा सामान्य वापरकर्ता तो विशेषाधिकार बळकावू शकत असे. असे प्रोग्राम विरळा, हे खरे. रिकामेपणाची तपासणी विस्ताराच्या आधी करून हा दोष दूर करण्यात आला. मूळ नियम मात्र तसाच राहिला.

म्हणून प्रतिबंधाचा भार प्रोग्राम बांधणाऱ्यावर पडतो. कोरलेले मार्ग पूर्ण असावेत, आणि त्या डिरेक्टऱ्यांत प्रशासकाखेरीज कोणास लिहिता येऊ नये. मेकफाइलीत ‘ओरिजिन’पूर्वी डॉलर-चिन्ह दोनदा द्यावे, अन्यथा आद्याक्षर गिळले जाऊन उरलेला शब्द सापेक्ष मार्ग म्हणून कोरला जातो. वितरणापूर्वी ‘रीडएल्फ’ने फाइल तपासावी आणि अनावश्यक मार्ग ‘पॅचएल्फ’ने काढून टाकावा.

पुस्तिकेने ते एक वाक्य शोधक्रमाच्या कलमातही द्यावे, एवढीच आमची सूचना आहे. जे लिहिलेलेच नसते त्याचा अर्थ वाचकाने तर्काने ताडावा, ही अपेक्षा काव्यात शोभते. सुरक्षिततेच्या शास्त्रात नव्हे.