वस्तीचे वर्तमान कोण लिहिणार?

परभणीच्या भीमनगर, प्रियदर्शिनीनगर, सारंगनगर या वस्त्यांविषयी स्थानिक वृत्तपत्रांत जे छापून येते त्याची कात्रणे मी बरीच वर्षे ठेवीत आलो आहे. ही कात्रणांची फाईल हाच या लेखाचा विषय. साहित्याच्या समीक्षकाने बातमीच्या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. कथाकादंबरीतील दलिताचे चित्र खोटे निघाले तर आपण लेखकाला जाब विचारतो. मग रोज सकाळी घरोघर जाणाऱ्या चित्राला जाब विचारायचा नाही काय?

जयंतीची बातमी ठरलेली असते. उद्घाटक, अध्यक्ष, मान्यवरांची लांबलचक यादी, आणि शेवटी मिरवणूक शांततेत पार पडल्याचा निर्वाळा. जणू ती शांततेत पार न पडणे हेच अपेक्षित होते! त्याच रात्री वस्तीत पहाटेपर्यंत भीमगीतांचा सामना रंगलेला असतो. एक पार्टी सवाल टाकते, दुसरी उत्तर देते. म्हाताऱ्या बायका पुढे बसून शब्द चुकला की तिथल्या तिथे दुरुस्त करतात. वामनदादा कर्डकांनी गावोगाव हिंडून जो श्रोता घडविला तो हा. वामनदादा २००४ साली गेले, पण हा श्रोता अजून आहे. गायिकेचे नाव मात्र बातमीत नसते. तिने कोणते नवे गीत म्हटले, कशावर टाळी पडली, कशावर बाया रडल्या, याचा एक शब्द नसतो. फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो तेव्हा कव्वालाचे नाव छापले जाते, ते योग्यच आहे. नाट्यगृहातल्या मैफलीचे रसग्रहण होते. मग भीमगीत तेवढे ‘कार्यक्रम’ का ठरावे?

वर्षावासाचे तेच. आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’चे वाचन चालते. दिवसभर मजुरी करून आलेली बाई अडखळत वाचते आणि बाकीच्या तिला अर्थ विचारतात. ग्रंथवाचनाची चळवळ म्हणून व्याख्याने झोडणाऱ्यांना हे वाचन दिसत नाही. पूर्णेच्या धम्म परिषदेला मोठे भन्ते येतात म्हणून चार ओळी तरी मिळतात. रोजच्या वाचनाला तेवढ्याही नाहीत.

वस्ती पहिल्या पानावर येते ती वेगळ्याच वेळी. १० डिसेंबर २०२४ रोजी रेल्वे स्थानकासमोरील बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि त्यानंतर पोलीस वस्त्यांत शिरले. माझ्या फाईलमधील त्या दिवसांच्या बातम्यांत ‘विशिष्ट समाजाचा जमाव’ हा शब्दप्रयोग वारंवार आहे. हा विशिष्ट समाज कोणता? १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावलेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी वडार समाजातला होता. संविधानासाठी तो रस्त्यावर आला, आणि एका जातीच्या चौकटीत त्याला बसविता येईना. ज्या भाषेला सोमनाथ सामावता येत नाही ती भाषा तटस्थ कशी? शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण नोंदले गेले, तरी गुन्हा नोंदविण्याचा आदेश मिळायला ४ जुलै २०२५ उजाडला. तोही त्याच्या आईने उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात धाव घेतल्यावर. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलैला ते अपील फेटाळले गेले. आईच्या या लढ्याची बातमी माझ्या फाईलमध्ये आतल्या पानांवरची आहे.

प्रस्थापितांच्या वृत्तपत्रांकडून फार अपेक्षा ठेवण्याचे कारण नाही. १९२० साली ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊ केले तरी ‘केसरी’ने छापली नाही, हे आपण शाळेतल्या पोरांनाही सांगतो. पण पुढची गोष्ट सांगायला विसरतो. बाबासाहेबांनी ‘केसरी’वर रुसून दिवस काढले नाहीत, ‘बहिष्कृत भारत’चे चोवीस चोवीस रकाने एकहाती लिहून काढले. आपण काय करतो? आपल्या जयंतीच्या स्मरणिका उघडून पाहा. पुढाऱ्यांची छायाचित्रे, बिल्डरांच्या शुभेच्छा, वर्गणीदारांची यादी, आणि कुठूनतरी उतरवून घेतलेले बाबासाहेबांचे चरित्र. वस्ती केव्हा वसली, विहाराची पहिली वीट कोणी आणली, हे त्यांत सापडत नाही. २७ जुलै १९७८ च्या ठरावानंतर मराठवाड्यातल्या वस्त्या जळाल्या. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. या साडेपंधरा वर्षांत आपल्या गल्लीतून तुरुंगात कोण कोण गेले, याची एक धड यादी नाही. १६ डिसेंबर २०२४ रोजी विजय वाकोडे गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर किती आठवणी न लिहिताच गेल्या याचा हिशेब कोणी मांडला? वृत्तपत्राने आपल्याला वगळले हे खरेच. पण स्मरणिकेतून आपण आपल्यालाच वगळले, हा दोष कोणाच्या माथी मारायचा?

परवा स्मरणिकेसाठी पोरे लेख मागायला आली. लेख देत नाही म्हटले, आणि कोरी वही पुढे ठेवली. नामांतरात तुरुंगात गेलेल्यांची नावे विहारात बसून लिहून आणा, असे सांगितले. चार दिवसांनी वही परत आली. नावे बरीच होती, कोण कोणत्या तुरुंगात होता तेही काहींपुढे लिहिले होते. बाईचे नाव मात्र एकही नव्हते. पोरांना म्हटले, म्हाताऱ्या माणसांना विचारलेत, आता वर्षावासात ग्रंथ वाचणाऱ्या बायांकडे जा. वही सध्या त्यांच्याकडे आहे.