गिलाव्याखालचा जांभा

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकेचा कुठलाही फोटो बघा. तो लालसर, खडबडीत दर्शनी भाग म्हणजेच अस्सल जुना गोवा, असं बहुतेकांना वाटतं. मला ते पटत नाही. ही इमारत 1605 मध्ये पूर्ण झाली. तिचा जांभा चुन्याच्या गिलाव्याने झाकलेला होता. तो गिलावा उतरवला गेला 1950 च्या दशकात, बाल्ताझार कास्त्रू या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाच्या काळात. म्हणजे आपण चारशे वर्षांचं समजतो ते रूप जेमतेम सत्तर वर्षांचं आहे.

मी हरिहरेश्वरची. इथे समुद्राकाठी काळा बसाल्ट आणि घरांना जांभ्याचे चिरे. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. पण अंगभर छिद्रं असल्यामुळे तो पाणी पितो. म्हणून कोकणातल्या घराला उतरतं छप्पर आणि पुढे आलेली वळचण असते. भिंत उघडी असली तरी पावसाचा थेट मारा तिच्यावर येत नाही. बरोक चर्चच्या दर्शनी भागाला वळचण चालत नाही, त्याला सरळ उंच जायचं असतं. तिथे वळचणीचं काम गिलावा करतो.

कमानी छताची गोष्टही तशीच. दगडी कमान भिंतींना सतत बाहेर ढकलते. जांभा दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून भिंती जाड ठेवाव्या लागतात आणि आत पाणी मुरू द्यायचं नसतं. जवळच्याच सेंट ऑगस्टीन चर्चमधून 1835 मध्ये धर्मगुरूंना जावं लागलं. 1842 मध्ये छत कोसळलं, 1931 मध्ये दर्शनी भाग आणि बुरुजाचा अर्धा भाग पडला. उरलेला बुरूज 46 मीटर उंच आहे. ते छत दगडाइतकंच देखभालीवरही उभं होतं.

'साहित्य उघडं दिसलं पाहिजे, तोच प्रामाणिकपणा' ही विसाव्या शतकाची आवड आहे. बरोकने तसा दावा केलाच नव्हता. बव्हेरियातल्या वीस चर्चचं (1745-54) भव्य छत लाकडी सांगाड्यावरच्या गिलाव्याचं आहे, दगडाचं नाही. म्हणून ते खोटं ठरत नाही. त्या शैलीत दगड म्हणजे हाडं, आणि हाडं दाखवायची नसतात.

आमच्याकडे नवे होमस्टे आता उघड्या चिऱ्याची सपाट भिंत वळचणीशिवाय उभी करतात, कारण फोटो छान येतो. दोन पावसाळ्यांत तिच्यावर शेवाळ चढतं. बासिलिकेचंही दुखणं तेच, फक्त प्रमाण मोठं.

बासिलिकेला पुन्हा गिलावा द्यावा का? लाल रूपावर प्रेम करणाऱ्यांचं म्हणणं मला कळतं, सत्तर वर्षं हाही इतिहासच आहे. तरी माझं मत गिलाव्याच्या बाजूने आहे. मात्र तो चुन्याचा हवा. सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं. फोटोतला रंग बदलेल, पण भिंत टिकेल.