जादा कामाचे तास आणि वेठबिगार : एका निकालपत्राची चिकित्सा

किमान वेतनाची चर्चा आपल्याकडे बहुधा रकमेभोवती फिरते. ती रक्कम किती तासांच्या श्रमाची, हा प्रश्न मागे राहतो. ‘गुजरात मजदूर सभा विरुद्ध गुजरात राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी दिलेल्या निकालपत्राचा प्रस्तुत लेखात याच अंगाने विचार केला आहे.

टाळेबंदीच्या काळात, १७ एप्रिल २०२० रोजी, गुजरात शासनाने अधिसूचना काढून कारखान्यांना दिवसाला १२ व आठवड्याला ७२ तास काम घेण्याची मुभा दिली. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ५९ नुसार जादा तासांना दुप्पट दर देय होता. अधिसूचनेने तो साध्या दरावर आणला. तिच्यात उदाहरणही होते : आठ तासांचे ८० रुपये असतील, तर बारा तासांचे १२०. शासकीय भाषेत अन्याय इतक्या सरळ हिशेबाने क्वचितच मांडला जातो. याच आकड्यांनी आठवडा मोजला, तर ४८ तासांचे ४८० आणि उरलेल्या २४ तासांचे दुप्पट दराने ४८०, असे ९६० रुपये होतात. अधिसूचनेप्रमाणे हाती येतात ७२०.

न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालपत्राने अशा अधिसूचना रद्द केल्या. महामारी व तिच्यातून आलेली आर्थिक मंदी ही देशाच्या सुरक्षिततेला धोका आणणारी सार्वजनिक आणीबाणी नव्हे, असे ठरवून न्यायालयाने कलम ५९ नुसार मोबदला देण्याचा आदेश दिला. निकालाचे हे मोल निर्विवाद आहे. जादा मोबदला नाकारणे हा अनुच्छेद २३ मधील, सक्तीच्या मजुरीविरुद्धच्या हक्कावर आघात आहे, असेही निकालपत्र म्हणते. मात्र त्या विधानाचा पुरेसा विस्तार तेथे होत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. वास्तविक १९८२ च्या एशियाड खटल्यात न्या. भगवती यांनी पाया घातलेलाच होता : किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेले श्रम म्हणजे सक्तीची मजुरी. ८० रुपये हेच किमान वेतन मानले आणि मजुराकडून बारा तास घेऊन तेवढेच दिले, तर तासाला पावणेसात रुपयेही पडत नाहीत. दहाचा तास पावणेसाताच्या खाली गेला की वेठ सुरू झाली. हा दुवा स्पष्ट जोडला असता, तर कारखान्याबाहेरच्या पहारेकऱ्याला आणि दुकानातील नोकरालाही हे निकालपत्र अधिक बळ देऊ शकले असते.

दुसरी उणीव पुराव्याची. जादा तास सिद्ध करावयाचे ते हजेरीपटावरून, आणि हजेरीपट मालकाच्या हाती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही दुप्पट दर कायम आहे. परंतु जो तास नोंदलाच नाही, त्याचा दर दुप्पट असून उपयोग काय? (तासिका तत्त्वावरील आपल्या सहकाऱ्यांचा पर्यवेक्षणात गेलेला वेळ कोणत्या रकान्यात मांडला जातो, हेही वाचकांनी आठवून पाहावे.) एका महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारावरील, ठेकेदाराने नेमलेला पहारेकरी सकाळी सातला येतो आणि संध्याकाळी सातला जातो. त्याच्या हजेरीपटावर सुटीची वेळ दुपारी तीनची असते. सही त्याचीच असते.