वेताळाचा मराठी लेखक कोण?

‘शोले’मधला माउथ ऑर्गन कुणी वाजवला, हे राहुलदेव बर्मनच्या कुठल्याही पक्क्या चाहत्याला विचारा. तुमचा प्रश्न संपायच्या आत उत्तर येईल : भानू गुप्ता. तिथेच थांबवलं नाहीत, तर ‘हरे रामा हरे कृष्णा’मधला मादल रणजित गजमेर यांचा, सॅक्सोफोन म्हटलं की मनोहारी सिंग, तबल्याला मारुतीराव कीर, ‘यादों की बारात’मध्ये काचेवर चमचा कसा वाजवला, ‘शोले’त अर्ध्या भरलेल्या बाटल्यांत फुंकर कशी मारली, असं सगळं ऐकावं लागेल आणि चहा गार होईल. याच गृहस्थांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, बऱ्याचदा इंद्रजाल कॉमिक्सचे गठ्ठेही असतात. पन्नाशी-साठीच्या मराठी माणसात हे दोन्ही शौक एकत्र सापडणं अजिबात दुर्मीळ नाही. मग त्यांना दुसरा प्रश्न विचारा. अमेरिकेत वेताळ कुणी काढला? ली फॉक यांनी १९३६ साली तो जन्माला घातला, रे मूर, विल्सन मकॉय आणि साय बॅरी यांनी तो रेखाटला, हे तोंडपाठ. आणि मराठीत तो कुणी लिहिला? फुग्यांतली ती खुसखुशीत वाक्यं कुणाची? इथे मैफल थंड पडते.

दोन्ही शौक माझेही आहेत, म्हणून हा प्रश्न मला टोचतो. मराठी माणसाने गाण्यावर आणि चित्रकथेवर सारखंच प्रेम केलं, पण गाण्याकडे त्याने नावं मागितली आणि चित्रकथेकडे मागितली नाहीत. आज एक कला कशीबशी का होईना चालती आहे आणि दुसरी आठवणींच्या गठ्ठ्यात पडून आहे, याची टीव्ही, मोबाइल, कागदाचे भाव अशी कारणं सांगितली जातात. ती खोटी नाहीत. तरी माझ्या मते मोठं कारण या न मागितलेल्या नावांत आहे.

गाण्यातही नावं आपोआप आली नव्हती. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग कोलकात्यात ध्वनिमुद्रणं करून गेला, त्या सुरुवातीच्या तबकड्यांत गाणं संपताच गौहरजान स्वतःचं नाव इंग्रजीत ठणकावून सांगते. तबकड्या छापायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना आवाज कुणाचा हे कळावं, एवढाच त्यामागचा व्यवहार. पुढे सिनेमा आला आणि पार्श्वगायकाचं नाव पुन्हा गडप झालं. १९४९ च्या ‘महल’मधल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे मधुबालाच्या पात्राचं नाव! गाणं रेडिओवर वाजू लागल्यावर श्रोत्यांनी पत्रांचा मारा केला, की ही गाते कोण? शेवटी लता मंगेशकर हे नाव जाहीर झालं. सामान्य श्रोत्याच्या हट्टाने एका व्यवसायाची रीत बदलल्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. त्यानंतर रेडिओनेच आपल्याला शिस्त लावली. चित्रपट अमुक, गायक अमुक, गीतकार अमुक, संगीतकार अमुक, हे विविध भारतीवर वर्षानुवर्षं कानावर पडलं, म्हणून शाळकरी पोरालाही शैलेंद्र आणि साहिर वेगळे आहेत हे ठाऊक होतं.

मराठीत तर ही सवय आणखी खोल गेली. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये ‘गीतरामायण’ आठवड्याला एक गीत या हिशेबाने छप्पन्न गीतं चाललं. गदिमा आणि बाबूजी ही नावं घराघरांत गेलीच, पण साथीच्या प्रभाकर जोगांचं व्हायोलिनही लोकांनी लक्षात ठेवलं. इतकं, की पुढे त्या व्हायोलिनच्या एकट्याच्या मैफली झाल्या. मुंबईत जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांनी १९९० मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स काढली. सुरेश चांदवणकरांसारख्या शास्त्रज्ञाने त्यात आपला फावला वेळ घातला आणि तबकडीच्या लेबलवरचा क्रमांक, साल, वादक अशा नोंदींना अभ्यासाचं रूप आलं. तिकडे कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज़’ यांनी हिंदी चित्रपटगीतांचा कोश सिद्ध केला. या कामांत विद्यापीठांचा वाटा थोडा, शौकिनांचा फार मोठा.

आता कपाटाच्या खालच्या कप्प्याकडे वळू.

टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं आणि १९९० मध्ये ते बंद पडलं. मधल्या काळात आठशेवर अंक निघाले, तेही अनेक भारतीय भाषांत. सुरुवातीला वेताळ, मग मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी. मूळ पट्ट्या अमेरिकन वर्तमानपत्रांतल्या. त्या कापून, जोडून, पुस्तकाच्या पानात बसवणं हे मुंबईत बसलेल्या माणसांचं काम. कथेतही हात घालावा लागे. मुळातला वेताळाचा देश ‘बंगाला’ इथे ‘डेंकाली’ झाला, चाचे ‘सिंग’ होते ते ‘सिंगा’ झाले. परक्याने रंगवलेला पूर्वेकडचा खलनायक इथल्या वाचकाला घरचाच वाटू नये, म्हणून कुणीतरी बसून हे केलं.

मराठी आवृत्तीच्या कारागिरीकडे जरा जवळून पाहा. फुगा काढलेला असतो इंग्रजीसाठी. इंग्रजी अक्षरं सगळी मोठी, एका उंचीची, ओळीवर ओळ चिकटवली तरी चालते. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा-रफार आणि खाली उकार-ऊकार, म्हणजे प्रत्येक ओळीला डोक्यावर आणि पायाखाली जागा हवी. त्याच फुग्यात इंग्रजीच्या चार ओळी मावत असतील, तर मराठीच्या तीन. आशय मात्र पुरा यायला हवा आणि बोलणारा माणूस जंगलातला, चाचा किंवा राजकन्या आहे हेही कळायला हवं. पोरांना तोंडपाठ झालेली ती नेमकी, तुटक, ठसक्यात बोलणारी मराठी या जागेच्या टंचाईतून आली. गीतकाराला तबकडीच्या एका बाजूची जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं असत, तशीच ही अडचण. त्या तीन मिनिटांवर आपण पुस्तकं लिहिली. फुग्यातल्या तीन ओळींवर कुणी साधा लेखसुद्धा लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही.

१९७६ मध्ये आबिद सुरतींनी ‘बहादूर’ आणला, गोविंद ब्राह्मणियांनी तो चितारला. अंगात भगवा कुर्ता, खाली जीन्स आणि समोर चंबळचे डाकू. इंद्रजालमधला हा आपल्या मातीतला नायक, आणि सुरतींचं नाव आजही घेतलं जातं ते याच्यासाठी. म्हणजे नाव माहीत असलं की चर्चा होते, हे इथेही दिसतं.

‘अमर चित्रकथा’ हे याचं ठळक उदाहरण. इंद्रजालच्या सुरुवातीच्या काळात तिथे असलेल्या अनंत पैंनी १९६७ मध्ये इंडिया बुक हाउससाठी ही माला सुरू केली. आधीचे दहा अंक परीकथांचे, अकरावा ‘कृष्ण’, चित्रं राम वाईरकरांची. पुढे पहिल्या पानावर संहिता कुणाची, चित्रं कुणाची हे छापलं जाऊ लागलं आणि त्यामुळेच वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम ही नावं आपल्याला सांगता येतात. नावांवरून नजर फिरवा : भारतीय चित्रकथेचा कणा बऱ्याच अंशी मराठी हातांनी उभा केलेला आहे. पुण्याच्या प्रताप मुळीकांचंच पाहा. अमर चित्रकथेतले ऐतिहासिक पुरुष त्यांनी काढले, १९८३ च्या सुमारास अमिताभ बच्चनला ‘सुप्रीमो’ बनवणारी चित्रकथा काढली आणि १९८६ मध्ये राज कॉमिक्सच्या ‘नागराज’ला रूप दिलं. मुळीकांच्या माणसाचं वजन जमिनीवर पडलेलं दिसतं, कापडाला चुणी पडते ती हालचालीच्या दिशेने पडते. इतर चित्रकारांचे वीर पुष्कळदा नुसते पोझ देऊन उभे असतात. नागराजचे हिंदी चाहते मुळीकांना मानतात. आपल्याकडे त्यांच्यावर एखादं साक्षेपी पुस्तक आधी यायला हवं होतं.

अमर चित्रकथेवर टीका भरपूर झाली आणि ती रास्त आहे : गोरे नायक, काळे राक्षस, इतिहासाला पुराणाचा मुलामा. पण माझ्यासारख्या दोन्ही घरच्या पाहुण्याला तिथला वेगळाच प्रश्न पडतो, गाणं चित्रात काढायचं कसं? तानसेनाच्या कथेत दीपक रागाने दिवे पेटतात, मल्हाराने पाऊस येतो. म्हणजे चित्रकार सूर काढत नाही, सुराचा परिणाम काढतो. युक्ती चांगली आहे, पण ती एकदाच पुरते. अमेरिकेत चार्ल्स शुल्झने ‘पीनट्स’मधल्या श्रोडरच्या डोक्यावर बीथोवनची खरीखुरी स्वरलिपी काढली. वाचता येणाऱ्याला पान वाजवून पाहता येतं.

आणि रॉबर्ट क्रम्ब. जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांनी झपाटलेला हा चित्रकार म्हणजे आपल्या चाहत्याचा आदर्शच म्हणायचा. १९६८ मध्ये जॅनिस जॉप्लिनच्या बँडच्या ‘चीप थ्रिल्स’ या तबकडीचं वेष्टण त्याने चक्क कॉमिक्सचं पान करून टाकलं, गाण्यागाण्याला एकेक चौकट. पुढे विस्मृतीत गेलेल्या ब्लूज गायकांची चित्रकार्डं काढली, छत्तीस. प्रत्येकावर चेहरा आणि नाव. क्रम्बची स्त्रियांची आणि कृष्णवर्णीयांची चित्रं पुष्कळदा किळसवाणी आहेत, ते सोडून द्यायचं कारण नाही. पण शौकाचं रूपांतर कामात कसं होतं, हे त्या कार्डांत दिसतं. आपल्या मारुतीराव कीरांचं किंवा जोगांचं असं कार्ड काढावं असं कुणाच्या मनात आलं असतं, तर काय बहार झाली असती!

मराठीत चित्रकथेची स्वतःची बुद्धी नव्हती असं मुळीच नाही. मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये ‘आवाज’ दिवाळी अंक काढला, त्यातली खिडकीचित्रं आठवा. कागदाला पाडलेल्या भोकातून दिसतं ते चावट वाटतं, पान उलटलं की सगळं सोज्वळ निघतं. पान उलटण्याच्या त्या क्षणावर सगळी चित्रकथा उभी असते आणि हे तंत्र आपल्याकडे विनोदी अंकात राबत होतं. १९९१ मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी ‘सकाळ’मध्ये ‘चिंटू’ सुरू केला. तीन-चार चौकटी, स्वच्छ रेषा, जोशीकाकूंच्या घराला लागणारा चेंडू. दोघांची नावं पहिल्यापासून लोकांना माहीत. ‘चिंटू’ वर्षानुवर्षं टिकला, त्याचे संग्रह निघाले, २०१२ मध्ये सिनेमा आला. माझी तक्रार एवढीच की त्याचं जग मध्यमवर्गीय सोसायटीच्या फाटकाबाहेर फारसं गेलं नाही. आणि ‘चिंटू’नंतर तेवढ्या ताकदीचं दुसरं पात्र मराठी वर्तमानपत्रांनी उभं केलं नाही, हा दोष चिंटूच्या कर्त्यांचा नव्हे.

खरी बोचणारी गोष्ट पुढेच आहे. महाराष्ट्राच्या दोन महापुरुषांवरच्या गाजलेल्या चित्रकादंबऱ्या २०११ मध्ये मुळात इंग्रजीत आल्या, दिल्लीच्या नवयान प्रकाशनाकडून. बाबासाहेबांवरची ‘भीमायन’ आणि जोतीरावांच्या ‘गुलामगिरी’वर बेतलेली ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’. ‘भीमायन’ची चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची. त्यांनी चौकटी काढायलाच नकार दिला, माणसांना डब्यात कशाला कोंडायचं म्हणून. पान त्यांच्या नक्षीच्या वळणांनी विभागलं जातं. शब्दांच्या फुग्यांचं तर विचारूच नका : मायेचं बोलणं पक्ष्याच्या आकारात आणि विखारी बोलणं विंचवाच्या नांगीसकट. बाल भीमाला पाणी नाकारणाऱ्याच्या तोंडून निघालेली ती नांगी पाहिल्यावर वेगळं भाष्य लागत नाही. हे पुस्तक सातारा, गोरेगाव, महाड इथलं. ते आधी मराठीत सुचायला हवं होतं, मराठी प्रकाशकाने अंगावर घ्यायला हवं होतं.

का झालं नाही? कारण आपला चित्रकथेचा चाहता जुनं जमवतो, नवं मागत नाही. पैशांत विकल्या गेलेल्या इंद्रजालच्या अंकासाठी तो हजार रुपये मोजेल, आणि नव्या चित्रकथेच्या तीनशे रुपये किमतीला ‘मुलांच्या पुस्तकाला एवढे?’ म्हणेल.

गाण्याच्या चाहत्यानेही फार हुरळून जाऊ नये. गावोगावच्या कराओके मंडळांत तीच पन्नास गाणी फिरत असतात, आणि वाद्यवृंदाच्या जागी तयार ट्रॅक असल्याने वादकाचं नाव घ्यायचा प्रसंगच उरत नाही. मोबाइलवरच्या अॅपमध्ये गाणं लावलं की गायकाचं नाव ठळक दिसतं, गीतकार शोधावा लागतो, वादक तर कित्येकदा नसतोच. २०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क तरी पक्का झाला. नामोल्लेखाच्या बाबतीत मात्र गाणं पुन्हा ‘कामिनी’च्या दिवसांकडे सरकतं आहे. उद्याच्या पोराला आजच्या गाण्यातला गिटारवादक माहीत नसेल, जसा आपल्याला वेताळाचा मराठी लेखक माहीत नाही.

म्हणून हौशी मंडळींना एक विनंती. मराठी इंद्रजालसाठी भाषांतर केलेली, फुग्यांत अक्षरं भरलेली, पट्ट्या कापून पानं लावलेली माणसं आज ऐंशी-नव्वदीत असतील किंवा त्यांची मुलं तरी असतील. कुणाच्या काकांनी, आत्याने, शेजाऱ्याने हे काम केलं असेल, तर नाव, साल आणि काम लिहून घ्या, अंकांचे फोटो काढून ठेवा. नवी मराठी चित्रकथा विकत घेताना आधी चित्रकाराचं आणि अनुवादकाचं नाव शोधा. छापलेलं नसेल, तर प्रकाशकाला पत्र टाका आणि विचारा, हे कुणी केलं?